याला डिस्क लागत नाही

दुकानात त्याला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता. पण गिऱ्हाइकाशी एक शब्द खोटं न बोलता त्याने आजवर ज्या ज्या वस्तू लोकांच्या गळ्यात बांधल्या होत्या, त्या पाहता दुसरं कुठलं नाव त्याला शोभलंही नसतं. नव्याने लागलेल्यांना तो सांगे, "खोटं बोललं की माल परत येतो. सगळं खरं बोललं की माल जातच नाही. म्हणून खरंच बोलायचं, पण गिऱ्हाइकाला पेलेल एवढंच."

दुकान व्हिडिओ गेमच्या मशीनचं. पुढे काच, आत भिंतभर टीव्ही, टीव्हीसमोर दोघांना बसता येईल असा सोफा, आणि वर 'खेळून पाहा' अशी पाटी. पाटी मुलांसाठी होती. सोफा झिजवला होता तो बापांनी. "मुलासाठी बघतोय" म्हणत माणूस आत शिरायचा, आणि कंट्रोलर हातात घेऊन आधी स्वतःचेच अंगठे नीट बसतात का ते पाहायचा. पहिल्या खेपेला तो एकटा येई. दुसऱ्या खेपेला बायकोला घेऊन येई आणि मशीन जन्मात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा चेहरा करी. वकील तेव्हा ओळख दाखवत नसे. हाही सेवेचाच भाग. पगारातला मोठा घास देऊन मशीन घेणारा हाच माणूस, पुढे कंट्रोलरच्या रबरी कव्हरवरून मात्र तासभर घासाघीस करी, कारण माणसाला आपण फसलो नाही हे स्वतःला पटवायला कुठेतरी घासाघीस करावी लागते. वकील कव्हरावर थोडं सोडून देई. मशीनवर त्याला सोडायला कुणी सांगितलेलंच नसे.

यंदा मात्र हिशेबच उलटा झाला. एरवी मशीन जुनं झालं की स्वस्त व्हायचं, त्यामुळे शहाणी माणसं थांबायची. या वर्षी जुन्याच मशीनचा भाव चढला. थांबलेले शहाणे तोंडात मारल्यासारखे झाले, आणि दुकानात बिनडिस्कच्या मशीनचा ढीग लागला.

हे बिनडिस्कचं मशीन दिसायला जुळ्या भावासारखं. फरक एकच, त्याला डिस्क आत घालायची फटच नाही. खेळ घ्यायचे ते इंटरनेटवरून, कंपनीच्याच दुकानातून, कंपनी म्हणेल त्या भावात. मित्राकडून आणलेला खेळ चालणार नाही, सेकंडहँड चालणार नाही, खेळून झाल्यावर विकता येणार नाही. म्हणून ते स्वस्त. दुकानातल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'मुका'. तोंड नाही म्हणून मुका. पण एकदा नाव पडल्यावर कोण ऐकतं? "आज किती मुके दिले?" "तुमच्याकडून कोण घेतंय!" असं काउंटरवर दिवसभर चाले, आणि मॅनेजर कपाळाला हात लावी.

मुके मात्र हलेनात. शेवटी मॅनेजरने जाहीर केलं, महिन्यात जो सगळ्यात जास्त मुके खपवेल, त्याला वर्षभर रविवारची सुट्टी.

रविवार! या धंद्यात रविवार म्हणजे गर्दीचा वार. वकिलाची सुट्टी मंगळवारी असे, आणि मंगळवारी त्याची बायको नोकरीवर. लग्न झाल्यापासून दोघांनी एकत्र दुपारची झोप काढल्याचं त्याला आठवत नव्हतं. बक्षीस ऐकून बायको म्हणाली, "मिळवा बाबा. नाहीतर आपण एकमेकांना म्हातारपणीच भेटू." मग वकील कामाला लागला. त्याच्या तोडीची एकच होती, त्याच काउंटरवरची चष्मेवाली. ती सगळं खरं सांगायची आणि तरीही विकायची, म्हणून वकिलाला तिचा जरा रागच होता.

महिन्याचा शेवटचा दिवस. विक्रीच्या फळ्यावर दोघे बरोबरीत. आणि दुकान बंद व्हायच्या जरा आधी आप्पा आत आले.

आप्पांचं सलून मागच्याच गल्लीत. तीन खुर्च्या, दोन आरसे आणि अखंड बोलणं. वकील जेवणाच्या सुट्टीत तिथे केस कापायला जाई. आप्पा त्याला वकीलसाहेब म्हणत आणि मानेवर गरम टॉवेल टाकून जगाचा निवाडा मागत. परदेशी निघालेल्या एका गिऱ्हाइकाने "नेता येत नाहीत, तुम्हीच ठेवा" म्हणून खेळांच्या डिस्कचं एक खोकं आप्पांकडे टाकलं होतं, हे वकिलाला आप्पांनीच सांगितलं होतं. एकदा नव्हे, दर हजामतीला. आरशाखालच्या कपाटात टॉवेलांमागे त्या डिस्क रांगेत लावलेल्या होत्या. आप्पा अधूनमधून एकेक काढत, दाढीच्या मऊ फडक्याने पुसत आणि परत ठेवत. "नव्या घेतल्या तर दोन मशीनं येतील एवढ्याच्या आहेत," ते म्हणत. "आता मशीनच तेवढं राहिलंय. पोरीसाठी हो." पोरगी कॉलेजात. तिला त्या खेळांचं नावही ठाऊक नव्हतं. पण आप्पांचे अंगठे कात्री धरलेली असतानाही हलत, हे वकिलाने आरशात कितीदा पाहिलं होतं.

"वकीलसाहेब, आलो बुवा एकदाचा," आप्पा म्हणाले. "मागच्या वर्षी भाव बघून गेलो होतो. थांबलो. आणि तुम्ही तर चढवलात."

"मी कुठे चढवला, आप्पा? मी तर खालीच आहे."

आप्पा हसले. मग त्यांची नजर मुक्यांच्या ढिगावर गेली, तिथल्या किमतीच्या पट्टीवर गेली आणि तिथेच थांबली. "अरे! हा तर मागच्या वर्षीचाच भाव आहे की!"

होता. खऱ्या मशीनचा गेल्या वर्षीचा भाव आणि मुक्याचा या वर्षीचा भाव जवळपास एकच. वकिलाने हे कधीच टिपून ठेवलं होतं; थांबलेल्या शहाण्यांसाठी तो उत्तम गळ होता. त्याने तो आप्पांसाठी टाकला नव्हता. पण मासा आपणहून आला, आणि वकील फळ्याकडे पाहत होता.

"हे पण तेच मशीन ना?" आप्पांनी विचारलं.

"आतून अगदी तेच. वेग तोच, चित्र तेच. कंपनीसुद्धा वेगळं सांगत नाही."

"मग स्वस्त का?"

"याला डिस्क लागत नाही ना, आप्पा."

वकिलाने हे वाक्य महिनाभर वापरलं होतं, आणि ते सोन्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला वाटे, डिस्कची गरज नाही, म्हणजे केवढी सोय! आणि कुणी मागाहून भांडायला आलंच, तर किल्ली कुलपाला लागत नाही, झाकण डब्याला लागत नाही, तशी डिस्क याला लागत नाही. मी सांगितलं होतं. एका वाक्यात दोन्ही. त्यात खोटं शोधून दाखवावं कुणी.

आप्पा खुलले. "म्हणजे असल्या तर बऱ्याच, नसल्या तरी अडत नाही! हे बरं केलंय कंपनीने. माझ्या खोक्यातल्या खेळांवर पोरीसाठी दोनचार नवे चढवता येतील, नाही का?"

ही सुधारायची वेळ होती. आप्पा थांबले होतेही, उत्तरासाठी. वकील म्हणाला, "नवे तर घरबसल्या घेता येतात." हेही खरंच.

"तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," म्हणत आप्पांनी मुका काखेत घेतला. कव्हरावर घासाघीससुद्धा केली नाही. वकिलाने स्वतःहून कव्हर फुकट दिलं. चष्मेवाली पलीकडून बघत होती. "कव्हर आणि फुकट?" ती म्हणाली. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

फळ्यावर वकिलाच्या नावापुढे एक रेघ जास्त ओढली गेली. रविवार त्याचा झाला.

आणि त्या रविवारपासून त्याचे केस वाढू लागले.

केस सगळ्यांचेच वाढतात. पण वकिलाचे कापायला जागा राहिली नव्हती. मागच्या गल्लीतून जायचं म्हटलं की पाय आपोआप लांबच्या रस्त्याला वळत. खाई त्याला खवखवे म्हणतात; वकिलाला मानेवर खवखवत होतं, कॉलरच्या वर, जिथे आप्पांचा वस्तरा फिरायचा. आप्पा आज येतील, उद्या येतील, काउंटरवर मशीन आपटतील, आणि आपण शांतपणे ते वाक्य दोन्ही बाजूंनी उलटून दाखवू, अशी तयारी त्याने करून ठेवली होती. आप्पा आलेच नाहीत. भांडायला माणूस येत नाही, तेव्हा तयारीचं काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी नवराबायको उशिरा उठू लागले. चहा घेताना बायको म्हणे, "सुट्टी छान आहे. फक्त सुट्टीवर तुम्हीही आला असतात तर बरं झालं असतं."

"आलोय की."

"शरीर आलंय. आणि ते डोक्यावर काय वाढवलंय? साधू व्हायचंय का? झालात तर आधी सांगा, मी कपाटाचा तुमच्या बाजूचा कप्पा घेते."

तो कुठल्या कुठे एका थंडगार, सुगंधी दुकानात जाऊन केस कापून आला. तिथल्या मुलाने कानात यंत्रं घालून, एक शब्द न बोलता काम उरकलं. बायकोने दार उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुणी चावलं?"

त्या दिवशी त्याने तिला सांगितलं. कबुली म्हणून नव्हे, निवाडा मागावा तसं. सगळा प्रकार मांडून शेवटी म्हणाला, "मी म्हटलं, याला डिस्क लागत नाही. आता सांग, यात खोटं काय आहे?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "परवा मी म्हटलं, कपाटाला किल्ली लागत नाही. तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"तेल घातलं."

"का? किल्लीची गरज संपली, असं का नाही समजलात?"

"तू ज्या स्वरात म्हणालीस…"

"हं," ती म्हणाली. "मग आप्पांना तुम्ही कुठल्या स्वरात म्हणालात?"

घड्या घालून झाल्यावर ती आत गेली. वकील स्वतःच्या वाक्याशी एकटाच बसला. त्याला पहिल्यांदाच जाणवलं, की शब्द दोन्हीकडून खरे होते; खोटा होता तो फक्त स्वर, आणि स्वराची कुठे नोंद होत नाही, म्हणून तर त्याने तो वापरला होता.

चोराच्या मनात चांदणं असतं, पण चांदणं असलं म्हणून रस्ता टळत नाही. आठवड्याभरात वीजबिलाच्या खिडकीसमोरच्या रांगेत आप्पा त्याच्या बरोबर पाठीमागे येऊन उभे राहिले. वकिलाने आवाज ऐकण्याआधी त्यांची नजर ओळखली. ती त्याच्या मानेवर होती.

"दुसऱ्याच्या हातचे दिसतायत," आप्पा म्हणाले.

वकील वळला. आप्पांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुखावलेपण होतं, आणि वकिलाला नेमकं तेच पाहायचं नव्हतं.

"वकीलसाहेब, माझ्याकडून काही चुकलं का? स्पष्ट सांगा. वस्तरा लागला होता का मागच्या वेळी? की मी फार बोलतो? बायको म्हणते, मी फार बोलतो."

"छे हो, आप्पा! वेळच…"

"वेळ नाही म्हणून असले केस कापून घेतलेत? डावी बाजू बघा, पायरी आहे पायरी. चला. माझ्याने बघवत नाही."

बिल भरून झालं तसं आप्पांनी त्याला जवळजवळ दंडाला धरूनच नेलं. खुर्चीत बसवलं. मानेभोवती कापड आवळलं, गरम टॉवेल टाकला. ओळखीचा वास आला आणि वकिलाचे डोळे आपोआप मिटले. मग लगेच उघडले. आरशाखालचं कपाट समोर होतं.

"मशीन काय म्हणतंय?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण न विचारणं त्याहून वाईट दिसलं असतं.

आप्पांची कात्री जरा थांबली. "लाज वाटते सांगायला," ते म्हणाले आणि हसले. "घरी नेलं. खोकं फोडलं. डिस्क घालायची म्हणून फट शोधतोय, शोधतोय. आडवं केलं, उभं केलं, बॅटरी लावून पाहिलं. वाटलं, आत सरकत असेल, आजकाल सगळं आत सरकतं. पोरीला हाक मारली. ती बघते आणि जमिनीवर लोळून हसते. म्हणते, बाबा, याला फट नसतेच! तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुम्ही तर सांगितलं होतं! चक्क सांगितलं होतं, डिस्क लागत नाही म्हणून. मीच काय ऐकलं, काय समजलो. नालासाठी घोडा घेतला तो हा. आणि बायको काय म्हणते माहितीये? म्हणते, घोड्याला पायच नाहीत, आता नाल गळ्यात घाला!"

पलीकडच्या खुर्चीत दाढीचा फेस लावून बसलेला माणूस खदखदून हसला. हा विनोद या सलूनमध्ये पुष्कळदा झाला असणार. आप्पाही हसत होते. वकिलालाही हसावं लागलं, आणि आरशात ते हसू त्याला दिसलं.

"मग तुम्ही परत का नाही आणलं?"

"कुठल्या तोंडाने? तुम्ही नीट सांगून विकलेलं. उगाच तुमच्यावर बालंट. मला तर वाटलं, तुम्हाला कळलं असेल आणि म्हणूनच येत नाही. म्हणजे, असल्या बावळटाकडे काय जायचं." आप्पांनी कंगव्याने केस उचलून डावीकडची पायरी उतरवायला घेतली. "इंटरनेटवर बघितले खेळ. एकेकाचा भाव ऐकूनच गार पडलो. म्हणजे आमच्या दाढीसारखंच हो, दांडी स्वस्त आणि पाती महाग. मी रोज तेच बघतो, तरी मला दिसलं नाही."

वस्तरा आता मानेवर होता. वकिलाला बोलायचं होतं. पण वस्तरा मानेवर असताना बोलू नये असा नियम आहे, आणि त्या क्षणी वकिलाला तो नियम फार प्रिय वाटला. वस्तरा उचलला गेला, पावडर फिरली, कापड झटकलं गेलं, तरी तो नियम पाळतच राहिला. शेवटी उठताना म्हणाला, "आप्पा, उद्या मशीन घेऊन दुकानात या. बघू काहीतरी करून."

"करता येईल?"

"माझं ऐकतात तिथे."

आप्पांचा चेहरा असा उजळला, की वकिलाला पैसे देताना त्यांच्याकडे पाहवेना. आप्पांनी पैसे घेतलेच नाहीत. "तुम्ही माझ्यासाठी एवढं करताय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या आप्पा हजर. एका हातात मुक्याचं खोकं, दुसऱ्या हातात डिस्कांची पिशवी. घरी नेण्याआधी इथेच एक लावून बघायची होती. येताना त्यांनी वाटेत भेटलेल्या दोघातिघांना वकीलसाहेबांचा चांगुलपणा सांगितला होता, आणि काउंटरवर चष्मेवालीलाही तो सांगायला घेतला. ती ऐकत होती आणि वकिलाकडे बघत होती.

वकिलाने मॅनेजरला बाजूला घेतलं. "ओळखीचे आहेत. आपल्यातल्या आपल्यात मुका घेऊन डिस्कवालं देऊ. फरकाचं मी बघतो."

"वकील, खोकं फोडलेलं आहे," मॅनेजर म्हणाला. "तुम्हाला काय मी सांगायचं? आपल्यातलं काही नसतं, कॉम्प्युटर विचारतो. फोडलेलं परत घ्यायचं तर कारण एकच चालतं, दुकानाने चुकीचं सांगून विकलं. गिऱ्हाइकाचा गैरसमज असेल तर परत नाही. या दोनातलं एक बटण मला दाबावंच लागतं." मग त्याने मान वर करून सरळ आप्पांनाच विचारलं, "काका, विकताना तुम्हाला काय सांगितलं होतं? डिस्क चालते म्हणून सांगितलं?"

"नाही, नाही!" आप्पा चटकन पुढे आले. "यांच्यावर काही घेऊ नका. यांनी बरोबर सांगितलं होतं. डिस्क लागत नाही, हे अगदी स्पष्ट सांगितलं. माझाच गैरसमज."

मॅनेजरने खांदे उडवले. "मग संपलं. गैरसमज." त्याचं बोट बटणाकडे गेलं.

आप्पांना काही कळलं नाही. ते वकिलाकडे वळून समाधानाने मान हलवत होते, जणू मित्राला एका मोठ्या संकटातून त्यांनी सोडवलं होतं. त्याच्यासाठी चांगलं बोलून त्यांनी स्वतःचं मशीन घालवलं होतं, आणि ते हसत होते.

वकिलाची जीभ सवयीने कामाला लागली. वाक्यं आपोआप रांगेत उभी राहिली, सगळी खरी, सगळी गुळगुळीत. "सांगण्यात माझ्याकडूनही थोडं कमीजास्त झालं असेल," तो म्हणाला.

"म्हणजे कुठलं बटण?" मॅनेजरने विचारलं. "कमी की जास्त?"

चष्मेवाली खाली बघून किमतीच्या पट्ट्या नीट लावत होती. वकिलाला वाटलं, तिने काहीतरी टोमणा मारावा. तिने मारला नाही.

"मी फसवलं त्यांना," वकील म्हणाला.

मॅनेजरचं बोट हवेत राहिलं. "काय?"

"यांच्याकडे डिस्क आहेत हे मला माहीत होतं. खोकंभर आहेत, मी पाहिल्यात. डिस्कसाठीच मशीन हवं होतं, हेही माहीत होतं. लागत नाही म्हटलं ते गरज नाही असं वाटावं म्हणूनच म्हटलं. त्यांनी मला विचारलंसुद्धा, तेव्हा मी दुसरंच काहीतरी बोललो. गैरसमज झाला नाही. मी करून दिला. शेवटचा दिवस होता, मला एक कमी पडत होता."

'खेळून पाहा' सोफ्यावर बसलेला एक बाप कंट्रोलर हातात घेऊन स्तब्ध झाला. टीव्हीवर त्याची गाडी भिंतीला घासत राहिली.

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते जायचं कुठे हे त्याला कळेना, तसं ते थोडा वेळ तिथेच राहिलं. मग आप्पा म्हणाले, "काल खुर्चीत बसला होतात, तेव्हा पण माहीत होतं?"

"हो."

"मी सगळ्यांना सांगून हसवलं. महिनाभर हसवतोय." आप्पांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "बायकोच्या तोंडून ऐकून घेतलं. स्वतःला बावळट म्हणून घेतलं. मला खरंच वाटलं, माझे कान गेले."

"आप्पा…"

"थांबा जरा."

मॅनेजरने घसा साफ केला. त्याला हे प्रकरण लवकर संपवायचं होतं. त्याने बटण दाबलं, मुका ओढून घेतला आणि डिस्कवाल्या मशीनचं खोकं पुढे ठेवलं. "काका, तुम्हाला वरचा एक पैसा द्यायचा नाही. आमच्याकडे नियम आहे, चुकीचं सांगून विकलं तर फरक विकणाऱ्याच्या पगारातून कापायचा."

फरक थोडाथोडका नव्हता. पण वकिलाला त्यातही एक दिलासा दिसला होता. आप्पांना तो ओळखत होता. आता ते म्हणतील, नको हो, पगारातून नको, आणि मग आपण म्हणू, नाही आप्पा, हे मला देऊ द्या. ते वाक्यही तयार होतं. बरं वाक्य होतं ते, आणि त्याच्यात कुठे खोट नव्हती.

"कापा," आप्पा म्हणाले.

वकिलाने मान हलवली. मॅनेजरने फळ्याकडे जाऊन वकिलाच्या नावापुढची एक रेघ पुसली. आता दोघे पुन्हा बरोबरीत होते. पण चुकीची विक्री नावावर असलेल्याला सुट्टी मिळत नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रविवार चष्मेवालीकडे गेला. मी मागितला नव्हता, अशा अर्थाने तिने हात वर केले आणि पुन्हा पट्ट्यांना हात घातला.

"ताई," आप्पा तिला म्हणाले, "हे चालतं का ते तुम्ही दाखवता का मला? डिस्क घालून. माझ्यासमोर."

तिने खोकं उघडलं, मशीन टीव्हीला जोडलं. सोफ्यावरचा बाप उठून बाजूला झाला. आप्पांनी पिशवीतून एक डिस्क काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली. मग काही वाटलं म्हणून परत घेतली आणि स्वतःच फटीपाशी धरली. मशीनने ती अलगद ओढून घेतली. पडद्यावर काहीतरी उजळलं, वाजलं. आप्पांचे अंगठे हलले. पण ते बसले नाहीत.

वकील दोन पावलांवर उभा होता. मदत करायला काही नव्हतं. खोकं परत बांधायला पुढे झाला, तर चष्मेवालीने आधीच बांधलं होतं. आप्पांनी ते काखेत घेतलं, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. दार त्यांनी खांद्याने ढकललं आणि बाहेर पाऊल टाकलं. मग थांबले. वळले.

वकील एक पाऊल पुढे झाला. काहीही म्हणाले असते तरी चाललं असतं. शिवी तर फारच चालली असती.

आप्पा त्याच्या शेजारून काउंटरपाशी गेले. "ताई, पावती राहिली."

चष्मेवालीने पावती छापून दिली. आप्पांनी खोकं खाली ठेवलं, खिशातून चष्मा काढला, आणि तिथेच उभं राहून, ओठ हलवत, वरपासून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. खाली बारीक अक्षरांत दुकानाच्या अटी होत्या. आजवर त्या कुणीच वाचल्या नव्हत्या. आप्पांनी त्या वाचल्या. एका शब्दावर बोट ठेवून थांबले.

"याचा अर्थ काय होतो?" त्यांनी चष्मेवालीला विचारलं. तिने सांगितला.

"आणखी काही अर्थ होतो का?"

"नाही, काका."

आप्पांनी मान हलवली आणि बोट पुढच्या शब्दावर नेलं.